ऐकू येते, पण लक्ष टिकत नाही: कानाला नव्याने यंत्र लावणाऱ्यांसाठी

“लक्ष कुठंय तुमचं?” हा प्रश्न घरात दिवसातून तीन-चारदा येऊ लागला, की भांडण्याआधी कान तपासून घ्यावेत. मला हे उमगायला चार वर्षे लागली. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेला नाटक असते, त्यात मी प्रॉम्प्टर. मी विंगेतून दिलेले वाक्य नटाला पोचत होते. पण नटाने मधली चार वाक्ये गाळून उडी मारली की मला ते कळेनासे झाले, आणि मी आपला मागच्याच पानावर. मंडळींचे म्हणणे पडले, मास्तरांचे लक्ष नसते हल्ली. मलाही तसेच वाटले.

खरे तर लक्ष दुप्पट लागत होते. अर्धा शब्द कानात शिरतो, उरलेला मेंदू अंदाजाने भरतो. हा अंदाज बांधायला जी ताकद लागते, तीच आधीचे वाक्य ध्यानात ठेवायलाही लागते. एका वाक्याचा उलगडा होईतो पुढची दोन निघून जातात. संध्याकाळपर्यंत डोके शिणते, माणूस चिडका होतो, मग चारचौघांत बसणेच टाळू लागतो. म्हणून उपचार करताना नुसता आवाज मोठा झाला एवढ्यावर समाधान मानू नका. खर्ची पडणारे लक्ष परत मिळवायचे आहे, आणि ते यंत्र लावल्या दिवशी मिळत नाही. मधल्या आठवड्यांत काय करायचे हे कोणी बसून सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. मी डॉक्टर नाही. निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, दोन्ही कानांत यंत्र आहे, पाचवे वर्ष चालू आहे.

या गोष्टींत एक दिवसही थांबू नका

एका कानाचे ऐकणे एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम उतरले, तर “सर्दीने कान बसला असेल” म्हणत घरी राहू नये. आतल्या कानाला अचानक मार बसल्याची ही खूण असू शकते. त्यावर स्टेरॉइड देतात, आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त. दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने घटते. कानातून घाण वासाचा पू येणे, सोबत गरगरणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, यांतही त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येत असेल किंवा एकाच कानात सतत शीळ वाजत असेल, तर घाई नाही, पण तेही कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचेच. नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला ते एमआरआय सांगू शकतात.

पहिली पायरी: डॉक्टर, मगच यंत्राचे दुकान

मी हा क्रम उलटा केला. जाहिरात पाहून एका दुकानात गेलो, त्यांनी पाच मिनिटांत कानात काहीतरी बसवले, पैसे घेतले, घरी पाठवले. तपासणी नाही, कागद नाही. त्या वस्तूने भांड्यांचा आवाज कानात खिळ्यासारखा घुसे आणि माणसांचे बोलणे होते तिथेच राहिले. ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

गोव्यात कान-नाक-घसा विभाग बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात आहे. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळेही आहेत. सरकारी ठिकाणी सकाळी लवकर जा, सोबत घरचे माणूस न्या. डॉक्टरचे निम्मे बोलणे आपल्याला ऐकू येणार नाही, हे उघड आहे, तरी लोक एकटे जातात.

डॉक्टर आधी कानात डोकावतो. पुष्कळदा नुसता मळ घट्ट बसलेला असतो. तो काढला की कान मोकळा. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानात बुरशी धरते. काडीने किंवा कापसाच्या बोळ्याने कोरणाऱ्यांना ती जास्त. लसूण कढवलेले खोबरेल कानात घालायची आजीची सवय सोडा. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जाते. पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते. मधल्या कानातले रिकिबीसारखे इवले हाड घट्ट झाले असेल, तर त्यावरही शस्त्रक्रिया आहे. खर्चासाठी घरात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तुमची शस्त्रक्रिया तिच्या यादीत बसते का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या.

उरलेले बहुतेक जण माझ्या गटातले. लोक याला “नस सुकली” म्हणतात. बहुधा नस शाबूत असते. झिजलेल्या असतात आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीतल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी. एका कानात त्या साधारण पंधरा हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट, काही औषधे, अशी कारणे. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शने आणि कॅन्सरवरचे सिस्प्लाटिन यांनीही त्या मरतात, म्हणून अशी औषधे चालू करताना ऐकू कमी येते हे डॉक्टरला सांगावे. या पेशींवर थेंब, गोळी, चूर्ण काही चालत नाही. विकणारे पुष्कळ आहेत.

दुसरी पायरी: ऑडिओग्राम हाती घ्या आणि वाचा

बंद खोलीत हेडफोन लावून बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. जाड सुरापासून, म्हणजे २५० हर्ट्‌झपासून, बारीक ८००० हर्ट्‌झपर्यंत. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. रेघ जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. हा कागद म्हणजे ऑडिओग्राम. तो मागून घ्या, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

वयाने आलेल्या बहिरेपणात रेघ डावीकडे बरी असते आणि उजवीकडे घसरते. म्हणजे जाड सूर शाबूत, बारीक गेलेले. याचा मराठीतला अर्थ सांगतो. स्वर जाड असतात, ते पोचतात. त, प, क, स, श, फ यांची खूण बारीक सुरांत असते, ती गळते. त्यामुळे ताट, पाट, काठ हे तिन्ही शब्द कानावर जवळजवळ “आट” म्हणून पडतात. वीस की तीस, सात की साठ, यावर बाजारात वाद होतो. “ऐकू येते, पण कळत नाही” हे गाऱ्हाणे इथून येते. ओरडून बोलल्याने आ आणि ओ मोठे होतात, त आणि स फारसे होत नाहीत. तेव्हा घरच्यांनी ओरडू नये, हे त्यांना हा कागद दाखवूनच समजावा.

सुरांच्या परीक्षेबरोबर शब्दांची परीक्षाही मागा: आवाज पुरेसा मोठा केल्यावर शब्द किती ओळखता येतात. दोघांची सुरांची रेघ सारखी असून एकाला शब्द नीट ओळखू येतात, दुसऱ्याला निम्मेच. दुसऱ्याला यंत्राचा फायदा कमी होतो आणि ते पैसे भरण्याआधी कळलेले बरे. ही परीक्षा तुमच्या भाषेत घ्यायला सांगा. गोव्यात हा मुद्दा मोठा आहे. आपण घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, बँकेत तिसरी, आणि समोरचा वाक्याच्या मध्येच भाषा बदलतो. अंदाज बांधायला भाषा पक्की लागते. कोकणी-मराठीत जो शब्द मी सहज पकडतो, तोच हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत सुटतो. तुमचा दिवस कोणत्या भाषांत जातो हे तपासणाऱ्याला सांगा.

तिसरी पायरी: यंत्र निवडणे

तपासणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी रीतसर शिकलेली तज्ज्ञ, आहे का आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. आपण सोनाराला हॉलमार्क विचारतोच की.

यंत्रांची किंमत काही हजारांपासून एका कानाला लाखाच्या पुढे जाते. महाग यंत्रात गोंगाट वेगळा करायची, समोरच्याच दिशेचा आवाज उचलायची, मोबाईल जोडायची सोय जास्त असते. तुमचा दिवस शांत घरात दोन माणसांशी बोलण्यात जात असेल, तर मधल्या किंमतीचे पुरते, असे माझे मत. पैसा जास्त असेल तर तो नीट बसवून देणाऱ्या माणसावर घाला. साधे यंत्र तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे बारकाईने जुळवले, तर ते न जुळवलेल्या महागड्यापेक्षा चांगले चालते. जुळवणी झाल्यावर कानात बारीक नळी घालून, यंत्र पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज देते ते मोजता येते. ही सोय आहे का, विचारा.

दोन्ही कान कमजोर असतील तर शक्यतो दोन्ही कानांना घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेतून ओळखतो. एकाच कानाला यंत्र लावून मी तीन महिने काढले, तेव्हा मागून येणारा पायलट (भाड्याच्या मोटरसायकलवाला) डावीकडून येतोय की उजवीकडून, हे तो शेजारून गेल्यावरच कळे.

घरी नेऊन वापरून पाहायची मुदत मागा, निदान आठवडा-दोन आठवडे. पुढच्या जुळवणीच्या भेटींचे पैसे वेगळे आहेत का, दुरुस्तीला यंत्र किती दिवस जाते, हे लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही. बिलात दिसला तर विचारा. ऐपत नसेल तर केंद्र सरकारच्या दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेतून यंत्र मिळते, त्यासाठी दिव्यांगांचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्यात चौकशी करावी. दोन्ही कानांत ६० डेसिबल (आवाजाच्या मोठेपणाचे माप) किंवा त्याहून जास्त तूट असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तुम्ही बसता आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. यंत्रानेही शब्द कळत नाहीत इतकी तूट असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो: शस्त्रक्रियेने शंखात तारा बसवतात, काही आठवड्यांनी ते चालू करतात आणि मग महिनोन्‌महिने ऐकायला नव्याने शिकावे लागते.

चौथी पायरी: पहिले सहा आठवडे

यंत्र खणात जाते ते इथेच.

पहिल्या दिवशी मला स्वतःच्या चपला ऐकू आल्या. पंखा कुरकुरत होता, फ्रिज घुमत होता, बायको वर्तमानपत्र उलटत होती ते पत्रा फाडल्यासारखे. माझा आवाज मला पिंपात बोलल्यासारखा वाटला. दुपारी डोके दुखू लागले. बरे ऐकू येणाऱ्याचा मेंदू हे सारे आवाज दारातच अडवतो. फ्रिज घुमतोय हे त्याला कळवण्याची गरजच पडत नाही. माझा दारवान कित्येक वर्षे कामाविना बसला होता. आता एकदम गर्दी आली, तर तो प्रत्येकाला आत सोडत होता. त्याला पुन्हा काम शिकायला वेळ द्यावा लागतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात लक्ष आणखीच विस्कटते, आणि ते औषध लागू पडत असल्याचेच लक्षण असते.

मी केले ते असे. पहिले तीन-चार दिवस घरातच, पंखा बंद ठेवून, एकाच माणसाशी बोलायचे. थकवा आला की अर्धा तास यंत्र काढायचे, पण रोजचे तास वाढवत न्यायचे. दुसऱ्या आठवड्यापासून जागेपणी जवळजवळ दिवसभर. “बाहेर जातानाच लावतो” हा हट्ट घातक आहे. फक्त जत्रेत, बाजारात लावणारा माणूस सर्वांत अवघड परीक्षेला अभ्यास न करता बसतो. यंत्रात तासांची नोंद राहते, पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्ट ती पाहतो. खोटे बोलून उपयोग नाही.

रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा. स्वतःच्या आवाजाचे ते पिंप त्याने लवकर जाते. मग घरच्या कोणाला वर्तमानपत्रातली बातमी वाचायला सांगा आणि तुम्ही तीच ओळीवर बोट ठेवून ऐका. चार दिवसांनी पेपर मिटून ऐका. पणजी आकाशवाणीच्या बातम्या मला फार उपयोगी पडल्या, कारण वाचणारा घाई करत नाही. मग दोन माणसांचे बोलणे, मग पंखा लावून दोन माणसांचे बोलणे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सहाव्या आठवड्यात. त्याआधी गेलात तर यंत्राला शिव्या देत परत याल.

एक वही ठेवा. “आवाज बरोबर नाही” असे सांगितले तर जुळवणारा काय करणार? “ताटल्या टोचतात”, “नातवाचे कळत नाही, मुलाचे कळते”, “बसमध्ये काहीच नाही”, असे प्रसंग लिहा. तीन-चार भेटींत यंत्र तुमच्या कानावर बसते. यंत्रातून शीळ वाजत असेल तर बहुधा यंत्राचा कानात बसणारा साचा किंवा टोपण सैल आहे किंवा कानात मळ आहे. आधी ते पाहा.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की जेवून झाल्यावर मी अजून ओटीवरच बसलो आहे. एरवी आठ वाजता “दमलो” म्हणून आत जायचो.

जागा निवडा, घरच्यांना शिकवा

यंत्र गोंगाट कमी करते, नाहीसा करत नाही. उघड्यावर बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. इतका फरक महागडे यंत्रही सहज देत नाही. म्हणून जवळ जा. भिंतीकडे पाठ करा, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू द्या. ओठ दिसले की त आणि प यांतला गोंधळ सुटतो. आपल्या जुन्या घरांचे उंच छप्पर आणि गुळगुळीत जमीन आवाज घुमवते, तिथे कोपऱ्यात गोधडी, पडदे असले तरी फरक पडतो. कदंब बसमध्ये मी कंडक्टरला सुटे पैसे देऊन थांब्याचे नाव आधीच सांगतो, म्हणजे त्याला परत विचारावे लागत नाही.

घरच्यांसाठी तीनच गोष्टी: आधी नाव घेऊन हाक मारा, समोर येऊन बोला, आणि न कळल्यास तेच वाक्य ओरडून न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. “जाऊ दे, काही नाही” हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याने माणूस जितका दुखावतो तितका बहिरेपणाने नाही.

चवथीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये एकदम सुरू झाली की मी यंत्राचा आवाज उतरवतो, फटाक्यांना तर काढूनच ठेवतो. दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्री स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहणाऱ्या पोरांनी मात्र कानात इअरप्लग घालावेत. ८५ डेसिबलला आठ तास ही साधारण मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या भिंतीपुढे मर्यादा मिनिटांवर येते.

मुलांविषयी, थोडे अपराधी मनाने

तीस वर्षे शिकवताना मागच्या बाकावरच्या कितीतरी मुलांना मी “लक्ष नाही” म्हणून उभे केले. त्यांतल्या काहींच्या कानात पडद्यामागे नुसते पाणी साचलेले असणार. सर्दी-पडशाने मुलांत हे फार होते. दुखत नाही, ताप नाही, फक्त बोटे कानात घालून ऐकल्यासारखे ऐकू येते. मूल खिडकीबाहेर बघते, कारण आतले कळत नाही. बहुतेकांचे पाणी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तीन महिने राहिले तर डॉक्टर पडद्यात इवली नळी बसवायचा विचार करतात. शेरा मारण्याआधी पुढच्या बाकावर बसवून पाहा आणि कान तपासा. तान्ह्या बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, बहिरेपणाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि यंत्र सहाव्यापर्यंत, असा जगभरचा दंडक आहे. भाषा शिकायची वेळ वाट पाहत नाही.

म्हातारपणी विसरभोळेपणा आणि बहिरेपण यांचा संबंध आहे, हे खरे. पण “यंत्र लावा, स्मृतिभ्रंश टळेल” असे कोणी विकू लागला तर जरा थांबा. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे केलेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण मात्र ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्र लावायला संध्याकाळी ओटीवर बसता येणे एवढे कारण मला पुरे.

पावसाळा आणि बॅटरी

यंत्राचा गोव्यातला शत्रू ओल. रात्री सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, बॅटरीचे दार उघडे ठेवून. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. उन्हात सुकवू नका, हेअर ड्रायर नको. बॅटऱ्यांच्या पाठीला रंगीत कागद असतो: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. तुमचा रंग पाठ करा. कागद काढल्यावर मिनिटभर हवा खाऊ द्या, मग बसवा. आतला जस्त हवेवर चालतो. एकदा काढलेला कागद परत चिकटवून बॅटरी वाचत नाही.

वापरलेली बॅटरी टेबलावर टाकू नका. नातवाने गिळली तर ती अन्ननलिका जाळते. तसा संशय जरी आला तरी उलटी करवू नका, तसेच इस्पितळात न्या. माझी बॅटऱ्यांची एक जादा पत्ती पाकिटात असते, दुसरी जत्रेच्या दिवसांत प्रॉम्प्टिंगच्या वहीला रबराने बांधलेली.